लॅल्विन ईसी-१११८ यीस्ट: पाकिटावर लिहिलंय ते खरं आहे, आणि का खरं आहे ते जीनोममध्ये दिसतं

फळांच्या रसाची वाइन किंवा मधाची मीड ज्यांनी कधी करून बघितलीय त्यांच्या हातून हे ५ ग्रॅमचं पाकीट गेलेलं असणारच. याचे रिव्ह्यूही ढिगाने आहेत, पण बहुतेकांमध्ये "जोरात चालतं, अडकत नाही, सगळी साखर खातं" एवढंच असतं. ते खरंच आहे, पण का ते कोणी सांगत नाही, आणि मला हे यीस्ट आवडतं ते त्या "का"मुळेच. दुकानातून आणलेल्या फार थोड्या गोष्टींबद्दल आपण असं म्हणू शकतो की बाबा ही वस्तू असं का वागते ते तिच्या डीएनएमध्ये बोट ठेवून दाखवता येतं. या यीस्टचं तसं आहे, म्हणून हा रिव्ह्यू थोडा लांब होणार.

आधी पाकिटावरचे दावे बघू. अल्कोहोल १८ टक्क्यांपर्यंत सहन करतं, साधारण १० ते ३० डिग्रीपर्यंत काम करतं, पोषण कमी असलं तरी चालतं, फेस कमी येतो, किलर आहे म्हणजे बाकीच्या यीस्टना मारतं, आणि वासाच्या बाबतीत न्यूट्रल आहे. मी हे फळांच्या रसावर, मधावर आणि साध्या साखरेच्या द्रावणावरही वापरलंय आणि यातला एकही दावा फुगवलेला वाटला नाही. साखरेच्या द्रावणात बाहेरून न्यूट्रिएंट द्यावंच लागतं, तिथे कुठलंच यीस्ट हवेवर जगत नाही, पण रसात मात्र हे अक्षरशः टाकलं आणि विसरलं असं चालतं.

आता हे असं का? मूळ शँपेनमधलं आहे हे, फ्रान्सच्या त्या भागातल्या फर्मेंटेशनमधून वेगळं काढून निवडलेलं. शँपेनमध्ये दुसरं फर्मेंटेशन बाटलीत होतं हे लक्षात घेतलं की निम्मं कोडं सुटतं, कारण त्या बाटलीत यीस्ट जातं तेव्हा आधीच १० टक्क्यांच्या वर अल्कोहोल असतं, पोषण पहिल्या फर्मेंटेशनने संपवत आणलेलं असतं, तळघर थंड असतं, आणि वरून बाटलीतला दाब वाढत वाढत ५-६ बारपर्यंत जातो. एवढ्या छळात जे स्ट्रेन (एकाच प्रजातीतले वेगवेगळे वाण) टिकले तेच माणसाने पुढच्या वेळी परत वापरले, आणि असं पिढ्यान्पिढ्या चाललं. म्हणजे निवड आपण केली पण कशाची निवड करतोय ते आपल्याला माहीत नव्हतं, ते कळलं २००९ साली.

त्या वर्षी फ्रेंच संशोधकांनी ईसी-१११८चा पूर्ण जीनोम, म्हणजे पेशीतला सगळा डीएनए, वाचून छापला. तुलनेला होता एस२८८सी हा लॅबमधला स्ट्रेन, ज्याचा जीनोम १९९६ मध्येच पूर्ण झाला होता, १६ क्रोमोसोम, डीएनएची सुमारे १.२ कोटी अक्षरं, ६०००च्या आसपास जीन्स, आणि पेशीत केंद्रक असलेल्या सजीवांमध्ये पूर्ण वाचलेला तो पहिलाच जीनोम. दोन्ही सॅकरोमायसिस सेरेव्हिसीच. मध्यंतरी बऱ्याच पाकिटांवर या प्रकाराला "बायनस" लिहायची पद्धत होती, जीनोमने तो विषय संपवला. दोन्ही एकाच प्रजातीचे म्हटल्यावर फरक इकडे-तिकडे एकेका अक्षराचे निघतील अशी अपेक्षा असते, आणि तसे ते हजारोंनी निघालेच. पण त्याशिवाय तीन मोठे तुकडे असे सापडले की जे लॅबच्या स्ट्रेनमध्ये मुळात नाहीतच. तिन्ही मिळून सुमारे १ लाख २० हजार अक्षरं आणि त्यात ३४ जीन्स. आणि हे तुकडे आलेत दुसऱ्याच यीस्टमधून! आई-बापाकडून नाही, संकरातूनही नाही, तर परक्या प्रजातीचा डीएनए आडवा येऊन यांच्या क्रोमोसोममध्ये बसलाय. बॅक्टेरियामध्ये हे नेहमीचं आहे, पण यीस्टसारख्या केंद्रकवाल्या पेशीत एवढा मोठा ऐवज दिसणं ही खरंच मोठी बातमी होती.

यातला एक तुकडा झायगोसॅकरोमायसिस बेली नावाच्या यीस्टचा. हे यीस्ट वाइनच्या टाक्यांमध्ये नको असलेला पाहुणा म्हणून प्रसिद्ध आहे, आम्ल आणि प्रिझर्व्हेटिव्ह दोन्हीला दाद देत नाही. हा तुकडा वेगवेगळ्या वाइन स्ट्रेनमध्ये वेगवेगळ्या जागी बसलेला सापडतो, काहींत एकापेक्षा जास्त प्रती, आणि त्यातल्या जीन्सचा क्रम तोच राहतो पण सुरुवात मात्र वेगळ्या जीनपासून होते. यावरून असं निघालं की हा डीएनए मधल्या काळात गोल कड्यासारखा सुटा होतो आणि मग कुठेतरी उघडून क्रोमोसोममध्ये शिरतो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पाकिटाकडे बघायची नजरच बदलली.

पण वापरणाऱ्याच्या दृष्टीने खरा हिरो आहे तिसरा आणि सगळ्यात मोठा तुकडा, ६५ हजार अक्षरांचा. हा टोरुलास्पोरा मायक्रोएलिप्सॉइडिस या यीस्टकडून आलाय असं २०१५ मध्ये दाखवलं गेलं. यात एफओटी१ आणि एफओटी२ असे दोन जीन्स आहेत, त्यांचं काम म्हणजे छोटे पेप्टाइड (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या) पेशीच्या आत ओढून घेणं. हे का महत्त्वाचं ते जरा सविस्तर सांगतो कारण "लो न्यूट्रिएंट" या दाव्याचा धागा इथेच सापडतो. द्राक्षाच्या रसात नायट्रोजन असतो तो अमोनिया, सुटे अमिनो आम्ल आणि पेप्टाइड अशा रूपात. यीस्टला वाढायला नायट्रोजन लागतोच, आणि सुटे अमिनो आम्ल तर सगळेच यीस्ट खातात त्यामुळे ते भराभर संपतात. पेप्टाइडचा साठा मात्र पडून राहतो कारण बऱ्याच स्ट्रेनना त्यातले थोडेच प्रकार आत घेता येतात. ज्याच्याकडे एफओटी आहे त्याला इतरांना न मिळणारं ताट मिळतं, विशेषतः ग्लुटामेट जास्त असलेले पेप्टाइड. संशोधकांनी हे तपासायला त्याच यीस्टमधून एफओटी जीन्स काढून टाकले आणि मूळ यीस्ट आणि कापलेलं यीस्ट एकाच द्राक्षरसात सोडलं, तर जीन असलेल्याने दुसऱ्याला मागे टाकलं. पाकिटावर "पोषणाची गरज कमी" लिहिलेलं असतं त्याचा अर्थ यीस्ट उपाशी राहू शकतं एवढाच नाही, रसातला जो नायट्रोजन बाकीच्यांना दिसतच नाही तोही हे वापरतं. म्हणूनच साध्या साखरेच्या द्रावणात न्यूट्रिएंट द्यावंच लागतं असं वर म्हटलं, तिथे पेप्टाइडच नाहीत तर एफओटी काय करणार.

याच तुकड्यात एफएसवाय१ नावाचा आणखी एक जीन आहे, तो फ्रुक्टोज अगदी कमी असतानाही आत ओढणारा ट्रान्सपोर्टर बनवतो. यीस्ट साधारणपणे ग्लुकोज आधी खातं, त्यामुळे वाइन अडकते तेव्हा उरलेली साखर मुख्यतः फ्रुक्टोज असते. हे माहीत असलं की वाइन यीस्टमध्ये असा जीन दिसल्यावर समाधान वाटतं.

किलरचा दावा मात्र वेगळ्या जातीचा आहे. हे विष यीस्टच्या क्रोमोसोममध्ये लिहिलेलंच नाहीये, ते येतं पेशीत राहणाऱ्या दुहेरी आरएनएच्या विषाणूंकडून. विषाणू विषही बनवतो आणि त्या विषापासून स्वतःच्या यजमानाला वाचवतोही, आणि पेशी विभागली की नव्या पेशीला आपोआप मिळतो. वाइन यीस्टमध्ये जो के२ प्रकार असतो तो आंबट रसाच्या पीएचलाही टिकतो. म्हणजे नुसता क्रोमोसोमचा क्रम वाचून तुम्ही या यीस्टचा एक अत्यंत कामाचा गुण चक्क हुकवाल. प्रॅक्टिकल गोष्ट अशी की दोन यीस्ट मिसळून वापरायचे असतील तर दुसरं किलरला सेन्सिटिव्ह आहे का ते आधी बघा, बरेच बियर यीस्ट असतात आणि ते बिचारे टिकत नाहीत.

सल्फाइटबद्दल थोडं. वाइनमध्ये सल्फाइट घालायची पद्धत जुनी, आणि वाइन यीस्टमध्ये एसएसयू१ नावाचा पंप असतो जो ते पेशीबाहेर फेकतो. अनेक वाइन स्ट्रेनमध्ये ८ आणि १६ नंबरच्या क्रोमोसोमचे तुकडे आपसात बदललेत आणि त्या अदलाबदलीत एसएसयू१च्या पुढे दुसऱ्याच जीनचा जोरकस स्विच येऊन बसलाय, त्यामुळे पंप कितीतरी जास्त बनतो. इथे प्रथिनाच्या रचनेत बदल नाही, फक्त जागा बदलली आणि गुण बदलला. तांब्याचंही असंच, द्राक्षबागेत मोरचूद फवारतात, आणि तांबं सहन करणाऱ्या वाइन यीस्टमध्ये सीयूपी१ या जीनच्या एकामागून एक बऱ्याच प्रती असतात. जीनोममधला फरक म्हटलं की लोकांच्या डोक्यात एक अक्षर बदललं एवढंच येतं, म्हणून हे मुद्दाम लिहितोय. इंडस्ट्रियल यीस्टचे गुण बघाल तर जीनच्या प्रती वाढणं, क्रोमोसोमचे तुकडे हलणं, परका डीएनए येणं, जीन मोडून पडणं हे सगळं तिथे चालू असतं.

१८ टक्के अल्कोहोलचं मात्र असं एका जीनवर बोट ठेवता येत नाही, तो गुण कितीतरी जीन्समध्ये वाटला गेलाय, पेशीच्या पडद्यातले स्टेरॉल आणि फॅटी आम्ल, ताणाला दिला जाणारा प्रतिसाद, मायटोकाँड्रिया, सगळ्यांचा थोडा थोडा हिस्सा. त्यातही कधी अनपेक्षित काही निघतं. ईसी-१११८पासून काढलेला ५९ए हा एकेरी क्रोमोसोमवाला स्ट्रेन घेऊन त्याचा लॅबच्या एस२८८सीशी संकर केला, आणि त्यांची पोरं एकेक करून फर्मेंट करून बघितली की कोण किती वेगात चालतं आणि कोणाकडे कुठल्या बापाचा तुकडा आलाय. वेगाच्या फरकात एबीझेड१ नावाचा जीन सापडला, जो फोलेट बनवायच्या साखळीतल्या एका पदार्थाशी संबंधित आहे. फर्मेंटेशनचा वेग म्हटलं की आपण साखर आणि अल्कोहोल बनवणारे एन्झाइमच धरून बसतो, आणि इथे जीवनसत्त्वाच्या वाटेवरचा जीन निघाला.

आता कुठे हे यीस्ट घेऊ नये. पहिलं म्हणजे फळाचा वास खुलवायचा असेल तर नको. न्यूट्रल म्हणजे खरंच न्यूट्रल, रसात जे आहे ते राहतं पण यीस्टकडून फारशी भर पडत नाही, आणि जोरात आणि गरम चाललं तर गॅसबरोबर असलेला वासही उडतो. थंड ठेवून चालवलं तर फरक पडतो, हे थंडीत चालतं त्याचा फायदा घ्या. दुसरं, गोडसर ठेवायची असेल तर हे स्वतःहून थांबणारं नाही. तिसरं, पोषण कमी पडलं तर हे स्वतःच सल्फर डायऑक्साइड बऱ्यापैकी बनवतं, त्यामुळे नंतर मॅलोलॅक्टिक बॅक्टेरिया (वाइनचा आंबटपणा सौम्य करणारे) घालायचे असतील तर ते रुसतात. कंपनी ही गोष्ट स्वतः माहितीपत्रकात सांगते हे चांगलं आहे.

आणि बियरला नको. बरेच जण "एवढं दणकट आहे तर बियरही करेल" म्हणून टाकतात आणि निराश होतात. बियरच्या वर्टमध्ये, म्हणजे धान्यापासून काढलेल्या गोड रसात, माल्टोज आणि माल्टोट्रायोज या साखरा असतात, आणि वाइन यीस्टच्या पूर्वजांना माल्टोट्रायोज कधी भेटलाच नाही, त्यामुळे तो आत घेणारी यंत्रणा त्यांच्याकडे बहुधा नसते किंवा निकामी असते. बियर यीस्टमध्ये याउलट माल्टोजच्या जीन्सच्या प्रती वाढलेल्या आहेत. तसंच लवंगेसारखा फिनॉलचा वास, तो बनवणारे पीएडी१ आणि एफडीसी१ हे जीन्स बहुतेक बियर यीस्टमध्ये मोडलेले आहेत, आणि एकाच प्रकारे नाही तर वेगवेगळ्या घराण्यांत वेगवेगळ्या जागी मोडलेत, कारण तो वास नको म्हणून माणसाने दरवेळी न मोडलेले टाकून दिले. बेल्जियममधल्या गटाने २०१६ मध्ये १५७ इंडस्ट्रियल स्ट्रेनचे जीनोम एकत्र मांडले त्यात हे फार स्वच्छ दिसतं. बियरचे यीस्ट वर्षभर माणसाच्या टाकीतच राहतात, एका बॅचमधून दुसऱ्या बॅचमध्ये, त्यामुळे त्यातल्या बऱ्याच जणांची बीजाणू तयार करायची क्षमताही गेलीय आणि क्रोमोसोमच्या प्रती वेड्यावाकड्या झाल्यात, कुठे तीन कुठे चार कुठे पाच. वाइनचं यीस्ट वर्षातून काही आठवडे टाकीत आणि बाकी वेळ बागेत आणि किड्यांच्या पोटात, म्हणून ते अजून बरंचसं रानटी राहिलंय, ईसी-१११८ तर साधं दुहेरी क्रोमोसोमवालं आहे. दोघं एकाच प्रजातीचे असून कामात इतके वेगळे का, तर त्यांचा दिनक्रम वेगळा होता म्हणून.

खरेदी करणाऱ्यांसाठी सगळ्यात उपयोगी गोष्ट आता सांगतो. ऑस्ट्रेलियन वाइन रिसर्च इन्स्टिट्यूटच्या लोकांनी २०१६ मध्ये दोनशेहून जास्त स्ट्रेनचे जीनोम ताडून बघितले, त्यात बाजारात मिळणारे बरेच वाइन यीस्ट होते. निघालं असं की वाइन यीस्ट आपसात फार जवळचे आहेत, आणि वेगवेगळ्या नावांनी विकले जाणारे कितीतरी स्ट्रेन जवळजवळ एकच आहेत. यात सगळ्यात मोठा एकसारखा गोतावळा प्रिस द मूस, म्हणजे ईसी-१११८ ज्या घराण्यातलं आहे तेच. तेव्हा दुसऱ्या कुठल्या नावाचं शँपेन यीस्ट किंवा प्रिस द मूस घेऊन "हे ईसीपेक्षा वेगळं लागेल" म्हणून समांतर बॅच लावणार असाल तर थांबा, बहुतेक वेळा तुम्ही तेच यीस्ट स्वतःशीच तोलत असाल. खरोखर वेगळं हवं तर घराणंच बदला. माझं प्रामाणिक मत, पाकिटावर स्ट्रेनची वंशावळ छापायला हवी, जीनोम वाचणं आता इतकं सोपं झालंय की हे न सांगण्याला कारण उरलेलं नाही. पाचपैकी साडेचार देतो, अर्धा याच्यासाठी कापला आणि तो एकट्या या पाकिटासाठी नाही, सगळ्याच धंद्यासाठी.

ईसी-१११८ची दमदार चाल आवडते पण वास किंवा चव हवी अशांसाठी यातूनच घडवलेले स्ट्रेन आहेत हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. जीन कापून-जोडून नाही, तर पिढ्यान्पिढ्या एका विशिष्ट अडचणीत वाढवून. एका प्रयोगात याला ग्लुकोनेटवर वाढवत नेलं, जो याला पचायला जड, आणि त्यातून आलेल्या यीस्टमध्ये पेन्टोज फॉस्फेटची वाट (पेशीत साखर वापरली जाण्याचा एक मार्ग) जास्त वाहती झाली आणि फळांसारखा वास देणारे एस्टर वाढले. दुसऱ्यात पोटॅशियम क्लोराइडच्या खारट ताणात वाढवलं, तर ग्लिसरॉल जास्त आणि अल्कोहोल कमी करणारं यीस्ट मिळालं, हे संशोधन २०१४ मध्ये आलं आणि आयोनिस या नावाने ते यीस्ट बाजारातही आहे. उन्हाळे तापतायत, द्राक्षात साखर वाढतेय, वाइनचं अल्कोहोल नको तितकं चढतंय, अशा वेळी मला हा रस्ता फार आशेचा वाटतो.

वापरायच्या बाबतीत दोनच गोष्टी. कोरडं यीस्ट थेट थंड रसात टाकू नका, वाळलेल्या पेशीचा पडदा ओला होताना गळका असतो, ३५ ते ४० डिग्रीच्या कोमट पाण्यात आधी भिजवा आणि मग हळूहळू रसाच्या तापमानाला आणा. आणि सुरुवातीला रसात हवा खेळू द्या, स्टेरॉल बनवायला ऑक्सिजन लागतो आणि तोच साठा शेवटी अल्कोहोल झेलायला कामी येतो, जीन कितीही चांगले असले तरी कच्चा माल आपणच द्यायचा असतो.

राहिला प्रश्न तळाचा गाळ परत वापरायचा का. एकदा लगेच वापरला तर चालतो, पण १५ टक्क्यांच्या वर गेलेल्या बॅचचा गाळ नको, आणि वर्षानुवर्षं तोच पुढे चालवू नका. अल्कोहोलमध्ये मायटोकाँड्रियाचा डीएनए गमावलेल्या पेशी वाढत जातात, त्यांना पेटीट म्हणतात, त्या हळू वाढतात. शिवाय दुहेरी क्रोमोसोममधला एक नमुना दुसऱ्यावर छापला जाऊन वैविध्य कमी होतं, कधी एखादा क्रोमोसोम जास्तीचा येतो, आणि तुमच्या टाकीत जे टिकेल तेच निवडलं जातं. हळूहळू ते तुमचं यीस्ट होतं, ईसी-१११८ राहत नाही. कोणाला मुद्दाम तसंच करायचं असेल तर जरूर करा, मजेदार प्रयोग आहे, फक्त मूळ पाकिटातलं थोडं यीस्ट फ्रीजमध्ये कोरडं आणि बंद ठेवा म्हणजे नंतर दोघांना शेजारी शेजारी लावून बघता येईल.